फोडांचे आजार : घाबरू नका, पण वेळ दवडू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचवले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. पस्तीस वर्षे मी त्वचारोगांची डॉक्टर म्हणून काम केले. पण व्यासपीठाशी माझे फारसे सख्य नाही. शिवाय आजच्या आनंदाच्या दिवशी, मागच्या खोलीतून बटाटेवड्यांचा वास येत असताना, अंगावर उठणाऱ्या फोडांविषयी कोण ऐकणार? पण चिटणीसबाई ऐकेनात. म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, गाणे झाले, पाककृती झाल्या, आता काही उपयोगाचे सांगा." तेव्हा उपयोगाचे सांगते. आणि ते सांगताना माझ्या हातून झालेली एक चूकही सांगते, कारण पुस्तकांपेक्षा त्या चुकीने मला जास्त शिकवले.

ही गोष्ट माझ्या थोरल्या वहिनींची आहे. त्या आज इथेच बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच बोलते आहे, म्हणून तुम्ही संकोच करू नका. त्यांनीही केलेला नाही.

१९८६ सालची गोष्ट. मी नुकती एम. बी. बी. एस. होऊन लहानसा दवाखाना थाटला होता. गौरी-गणपतीला वहिनी आमच्याकडे आल्या. तेव्हा त्या चौतिशीच्या होत्या. जेवायला बसल्या, पण मोदकाला हात लावीनात. विचारले तर म्हणाल्या, "वन्सं, श्रावणापासून तोंड आलंय हो. तिखट सोडाच, ताकसुद्धा झोंबतं."

मी त्यांच्या तोंडात बॅटरीचा झोत टाकून पाहिले. गालाच्या आतल्या बाजूला लालबुंद सोललेले चट्टे होते. मी काय केले? तुम्ही केले असते तेच! उष्णता झाली असेल, जागरणे झाली असतील, असे म्हणून बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि लावायला मलम दिले. आईने गुलकंद आणि सब्जाचे पाणी सुरू केले. दिवाळीत भेटल्या तेव्हाही तोंड तसेच. मी गोळ्यांचे नाव बदलले. आणखी काही केले नाही.

संक्रांतीच्या सुमारास भावाचे पत्र आले. वहिनींचे वजन नऊ किलोंनी उतरले होते आणि आता छातीवर, पाठीवर पाण्याने भरलेले फोड उठत होते. फोड फुटला की जागा सोललेली राही, आणि ती भरून येण्याचे नाव घेत नसे. कोणी म्हणाले नागीण, कोणी म्हणाले कांजिण्या, कोणी म्हणाले देवीचे काही राहिले असेल. गेरू लावून झाला, राखही लावून झाली. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या वर्षी त्यांच्या आळीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे त्यांना आले नाही. एका घरी त्या गेल्या, तेव्हा त्यांना तीळगूळ हातावर न देता कागदावर ठेवून दिला. फोडांपेक्षा ते जास्त झोंबले, असे त्या अजून सांगतात.

मी त्यांना घेऊन एका मोठ्या रुग्णालयात गेले. तिथल्या त्वचारोग विभागाच्या बाई वयस्क आणि कडक होत्या. त्यांनी तोंड पाहिले, पाठ पाहिली. मग फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर अंगठ्याने हलकेच दाबून घासले. ओल्या बटाट्याची साल सुटावी तशी वरची कातडी सरकली. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू डॉक्टर ना? पाच महिने तोंड बरं होत नाही, आणि तू कॅलेंडर पाहिलं नाहीस?"

मैत्रिणींनो, माझे आजचे सगळे भाषण त्या एका वाक्यात आहे. पण वाक्य समजायचे तर आजार समजला पाहिजे.

वहिनींना झालेल्या आजाराचे नाव पेम्फिगस. ग्रीक भाषेत फोडाला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडले. आपली त्वचा म्हणजे एक भिंत समजा. पेशी म्हणजे विटा. ह्या विटा एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून मध्ये चुना असतो, त्याचे नाव डेस्मोग्लिन. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे असतात. ती आपली राखण करतात. पण कधीकधी त्यांची ओळख चुकते आणि ती ह्या चुन्यालाच शत्रू समजून त्यावर तुटून पडतात. कुंपणानेच शेत खाल्ले, असे आपण म्हणतो ना, तोच हा प्रकार. चुना सुटला की विटा सुट्या होतात, मध्ये पाणी साठते आणि फोड येतो. वरचा पापुद्रा पातळ असल्यामुळे हा फोड लिबलिबीत असतो आणि लगेच फुटतो. म्हणून कित्येकदा रोग्याला फोड दिसतच नाही, सोललेली जागाच तेवढी दिसते. तोंडात तर तसेच होते. आणि पुष्कळ रोग्यांमध्ये हा आजार आधी तोंडातच सुरू होतो. अंगावर फोड यायला पुढे कित्येक महिने लागतात.

ह्याचेच दुसरे भावंड म्हणजे पेम्फिगॉइड. नावे सारखी असली तरी स्वभाव वेगळे. १९५३ साली वॉल्टर लीव्हर ह्या डॉक्टरांनी हे दोन वेगळे आजार आहेत असे दाखवून दिले. पेम्फिगॉइडमध्ये विटा एकमेकींपासून सुटत नाहीत. भिंतीवरचा गिलावा सुटावा तसा त्वचेचा वरचा सगळा थरच खालच्या थरापासून सुटतो. वरचे आवरण जाड असल्यामुळे हे फोड टम्म फुगलेल्या पुरीसारखे घट्ट असतात आणि सहजी फुटत नाहीत. हा आजार बहुधा साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांना होतो. आणि ह्याची एक खोड लक्षात ठेवा : फोड येण्यापूर्वी कित्येक आठवडे, कधी महिनेही, नुसती खाज सुटते, अंगावर लालसर गांध्या उठतात. सासूबाई रात्रभर खाजवत बसतात आणि आपण साबण बदलतो, गाद्या उन्हात टाकतो. म्हाताऱ्या माणसाची खाज हटत नसेल तर तिला "वयोमानानं होतं" म्हणून सोडून देऊ नका.

इथे मधुमेह असलेल्या घरांसाठी एक सूचना. ग्लिप्टिन ह्या गटातल्या गोळ्यांनी, विशेषतः विल्डाग्लिप्टिनने, काही थोड्या लोकांत हा पेम्फिगॉइड सुरू होऊ शकतो. म्हणून घरी जाऊन कोणी गोळ्या फेकून देऊ नका! बहुतेकांना त्या बाधत नाहीत. पण गोळी चालू असताना खाज किंवा फोड सुरू झाले, तर डॉक्टरांना ती चिठ्ठी दाखवा. गोळी बदलायची की नाही ते डॉक्टर ठरवतील.

गरोदरपणातही ह्याच जातीचा एक आजार क्वचित होतो. बेंबीच्या आसपास खाजरे चट्टे उठतात आणि मग त्यांवर फोड येतात. घरात त्याला नजर लागली असे म्हणतात. नजर काढायची तर काढा, पण दुसऱ्या दिवशी मुलीला डॉक्टरांकडे न्या. आजार आटोक्यात राहतो आणि बाळ बहुधा सुखरूप असते. मात्र ते वेळेआधी किंवा कमी वजनाचे जन्मू शकते, म्हणून देखरेख हवी.

आता निदान कसे करतात ते सांगते, कारण "तुकडा काढायचा" म्हटले की आपल्याकडे घरातली सगळी माणसे घाबरतात. तुकडा म्हटला की लोकांना कर्करोगच आठवतो. ह्या तपासणीला बायॉप्सी म्हणतात. जागा बधिर करून डाळीच्या दाण्याएवढी कातडी काढतात, एखादा टाका घालतात आणि रोगी त्याच दिवशी घरी जातो. ह्या आजारांत दोन तुकडे लागतात. एक ताज्या फोडाच्या कडेचा. त्यावरून भिंत कुठल्या थरात सुटली ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. दुसरा फोडाच्या शेजारच्या चांगल्या कातडीचा. त्याला चमकणारा रंग लावला की ती चुकलेली प्रतिपिंडे नेमकी कुठे चिकटली आहेत ते दिसते. पेम्फिगसमध्ये ती पेशींच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसतात आणि पेम्फिगॉइडमध्ये तळाशी एका सरळ रेघेत. हा दुसरा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर वाया जातो, त्याला वेगळे द्रावण लागते. तुम्हाला हे मुद्दाम सांगते, कारण बाटली घेऊन प्रयोगशाळेत धावणारी व्यक्ती बहुधा घरचीच असते. दोन बाटल्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. आता रक्तातूनही ही प्रतिपिंडे मोजता येतात आणि आजार वाढतो आहे की उतरतो आहे त्याचा अंदाज येतो.

पेम्फिगसच्या रोग्यांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे असतात हे १९६४ साली अमेरिकेत ब्यूटनर आणि जॉर्डन ह्यांनी दाखवले. त्याआधी हा आजार कशाने होतो हे कोणाला ठाऊक नव्हते. १९५० च्या सुमारास कॉर्टिसोनच्या जातीची औषधे येईपर्यंत त्यावर उपायही नव्हता. त्या काळी पेम्फिगसचे बहुतेक रोगी काही वर्षांच्या आत दगावत. सोललेल्या अंगातून पाणी जाई, जंतू आत शिरत, तोंडामुळे अन्न जात नसे. आज तसे राहिलेले नाही. उपचार वेळेवर झाले तर बहुतेक रोगी आपला संसार, नोकरी, सणवार सगळे सांभाळतात.

वहिनींना प्रथम प्रेडनिसोलोन ह्या स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवड्यांत नवे फोड थांबले. त्या दिवशी त्यांनी मऊ दहीभात खाल्ला आणि त्या रडल्या. पण ह्या औषधाची किंमतही मोजावी लागते. त्यांचा चेहरा सुजला, साखर वाढली, झोप उडाली. आळीतल्या कोणीतरी सांगितले, "स्टेरॉइड फार वाईट, हाडं पोखरतं." वहिनींनी घाबरून एके दिवशी सगळ्या गोळ्या एकदम बंद केल्या. दोन दिवसांत त्यांना उठून बसवेना, आणि पंधरवड्यात अंग पुन्हा सोलले. मैत्रिणींनो, हात जोडून सांगते : स्टेरॉइड स्वतःच्या मनाने सुरू करू नका आणि चालू असेल तर स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नका. दीर्घकाळ गोळ्या घेतल्या की शरीर स्वतःचे तयार करणे कमी करते. एकदम थांबवले तर जिवावर बेतू शकते. ते पायरीपायरीने उतरवायचे असते. सोबत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, साखरेची आणि रक्तदाबाची तपासणी चालू ठेवायची, म्हणजे त्रास पुष्कळ टळतो.

पुढे १९८८ मध्ये वहिनींना दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. पसरिचा ह्यांनी ह्याच दशकात रूढ केलेल्या पद्धतीने उपचार मिळाले. महिन्यातून तीन दिवस शिरेतून डेक्सामेथासोनचे मोठे डोस, त्यांतल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फमाइड, आणि मधल्या दिवसांत त्याचीच एक लहान गोळी. आपल्या देशातल्या डॉक्टरांनी आपल्या रोग्यांसाठी बसवलेली ही पद्धत पुढे भारतभर वापरली गेली आणि तिने असंख्य माणसे वाचवली. तिचीही झळ होती. सायक्लोफॉस्फमाइडने अंडाशयावर परिणाम होऊ शकतो. वहिनींची पाळी छत्तिसाव्या वर्षीच थांबली. त्यांना दोन मुले होती, पण "तिसरं नको होतं तरी ते माझ्या मनानं ठरायला हवं होतं," असे त्या एकदा मला म्हणाल्या. मी काय उत्तर देणार? आज कुठल्याही तरुण मुलीला असे औषध देण्याआधी तिच्याशी मूल होण्याविषयी बोलतात. बोलले नाहीत तर तिने स्वतः विचारावे.

आता आणखी चांगले औषध हाताशी आहे. त्याचे नाव रिटुक्सिमॅब. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींच्या कुळालाच ते आवर घालते. साधारण पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा ते शिरेतून देतात. फ्रान्समध्ये नव्वद रोग्यांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात हे औषध आणि थोडे स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी शंभरातले ८९ दोन वर्षांनी औषधाशिवाय ठणठणीत होते; नुसत्या स्टेरॉइडवर असलेल्यांत हे प्रमाण ३४ होते. २००७ पासून हे औषध आपल्या देशातही तयार होते, त्यामुळे किंमत पुष्कळ उतरली. ते देण्याआधी कावीळ ब, क्षय वगैरेंच्या तपासण्या कराव्या लागतात आणि नंतर काही महिने जंतुसंसर्गापासून जपावे लागते. आजार पुन्हा डोके वर काढू शकतो, म्हणून "बरं वाटतंय" म्हणून फेऱ्या चुकवू नयेत. पेम्फिगॉइडमध्ये पुष्कळदा इतके मोठे औषध लागत नाही. तीव्र स्टेरॉइड मलम अंगभर लावून किंवा डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांवरही तो आटोक्यात येतो.

औषध डॉक्टर देतात, पण शुश्रूषा घरच्या बायकाच करतात. म्हणून थोडे तेही सांगते. फोड नखाने फोडू नका आणि वरचा पापुद्रा ओढू नका. तीच जखमेची झाकण आहे. मोठा फोड डॉक्टर निर्जंतुक सुईने रिकामा करतात. गेरू, चुना, हळद, राख काही लावू नका. चादर जुन्या मऊ सुती लुगड्याची असावी. अंग चादरीला चिकटत असेल तर केळीचे पान आठवा. आपल्या जेवणाचेच पान! ते गुळगुळीत असते, जखमेला चिकटत नाही, काढताना दुखत नाही. मुंबईत भाजलेल्या रोग्यांवर केळीच्या निर्जंतुक पानांची पट्टी वापरून पाहिली, त्याचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला आहे. रुग्णालयात पाने निर्जंतुक करूनच वापरतात; घरी डॉक्टरांना विचारून मगच. तोंडासाठी मऊ भात, कण्यांची पेज, गार दूध, साय. तिखट, आंबट आणि कुरकुरीत काही नको. दातांना मऊ ब्रश. आणि ताप आला तर सकाळची वाट पाहू नका.

आता शेवटच्या दोन गोष्टी, आणि त्यांच्यासाठीच मी उभी राहिले.

पहिली गोष्ट कॅलेंडरची. आपण सगळ्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितो, गॅस कधी आला ते लिहितो. घरात कोणाचे तोंड आले तर त्या तारखेवरही एक खूण करा. साधे तोंड आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत बरे होते. तीन आठवडे झाले आणि जखम तशीच, तर गुलकंद पुरे. डॉक्टरांकडे जा, आणि तारीख सांगा. मिश्री किंवा तंबाखू लावणारीने तर जराही वेळ काढू नये, कारण न भरणारी जखम कर्करोगाचीही असू शकते. डॉक्टरांनी नुसत्या गोळ्या बदलून दिल्या तर विनयाने विचारा, "डॉक्टर, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवू का?" वहिनींनी मला असे विचारले असते तर मला राग आला असता. पण त्यांचे पाच महिने वाचले असते.

दुसरी गोष्ट तीळगुळाची. हे आजार संसर्गजन्य नाहीत. शिवल्याने होत नाहीत, एका भांड्यातून पाणी प्यायल्याने होत नाहीत, कपड्यांनी होत नाहीत. आईकडून मुलीला सरळ येत नाहीत, म्हणून घरात रोगी आहे ह्या कारणाने कोणा मुलीचे लग्न अडवू नका. पाप, पुण्य, देवीचा कोप ह्यांचा संबंध नाही. कुंपणाने शेत खाल्ले, ह्यात शेताचा काय दोष? तेव्हा आपल्या आळीत कोणाच्या अंगावर असे फोड दिसले, तर हळदीकुंकवाचे बोलावणे आधी तिला करा आणि तीळगूळ तिच्या हातावर ठेवा. रिटुक्सिमॅब मंडळाला देता येणार नाही. हे देता येईल.

त्या वर्षीच्या संक्रांतीनंतर मी दवाखाना बंद केला आणि त्वचारोगांचा अभ्यास करायला पुन्हा विद्यार्थिनी झाले. वहिनींनी सत्तरी ओलांडली आहे. गेल्या वीस वर्षांत त्यांना एकही फोड आलेला नाही. आज मागच्या खोलीत तळले जाणारे बटाटेवडे त्यांच्या हातच्या पिठाचे आहेत, आणि आपल्या वाटणीचा वडा त्या ठेच्याबरोबर खाणार आहेत, असे त्यांनी मला मघाशीच बजावले आहे.